चर्चमधील लग्नासाठी पांढऱ्याऐवजी रंगीत पोशाख: निवड कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात वाढलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील आहात, लग्न जानेवारीच्या अखेरीस सकाळी चर्चमध्ये आणि स्वागतसमारंभ त्याच संध्याकाळी लॉनवर आहे. पांढरा गाऊन घालण्याची तुमची इच्छा नाही आणि शॅम्पेन, फिका गुलाबी व गडद लाल या तीन रंगांत तुमचे मन अडकले आहे. तुमचा वर्ण सावळा आहे. आईच्या लग्नातील मोरपंखी पैठणी घरात जपून ठेवलेली असून तिचाच गाऊन शिवावा असा एक विचार आहे, आणि नवरीने पांढरेच नेसावे असा आजीचा आग्रह आहे. पुणे कॅम्पात गेली २६ वर्षे मी नवरीचे पोशाख शिवत आले आहे, आणि हा प्रश्न अलीकडे दर हंगामात माझ्यासमोर येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. ‘पांढरा नको’ हा नकार झाला, ती निवड नव्हे. पांढरा बाजूला सारला की बहुतेक मुली लगेच रंगांच्या नावांकडे वळतात आणि महिनाभर फोनवर चित्रे पाहत राहतात. पण रंग एकटा कधीच अंगावर येत नाही, तो कापडाबरोबर येतो आणि प्रकाशात दिसतो. तोच डाळिंबी रंग साटिनवर वेगळा, रॉ सिल्कवर वेगळा आणि मखमलीवर आणखी वेगळा असतो. म्हणून माझ्या कामाचा क्रम नेहमी असा राहिला आहे: लग्न कोठे व किती वाजता आहे ते आधी विचारायचे, त्यानंतर कापड ठरवायचे आणि रंग शेवटी.

आजीच्या आग्रहाबद्दल बोलायचे, तर पांढऱ्या रंगाचा धर्मनियमाशी संबंध नाही. नवरीच्या कपड्यांचा रंग ठरवून देणारा नियम कॅथलिक चर्चच्या कायद्यात नाही, आणि प्रॉटेस्टंट पाळकांनीही मला रंगावरून कधी अडवलेले नाही; जे काही सांगितले गेले ते उघडे खांदे, खोल पाठ आणि बाह्या यांबद्दलच होते. युरोपातही पूर्वी नवरी आपला सर्वांत चांगला पोशाख घालून चर्चमध्ये जात असे, मग तो निळा असो, तपकिरी असो की लाल. इंग्लंडची राजकन्या शार्लट १८१६ मध्ये चंदेरी पोशाखात बोहल्यावर चढली होती. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाने लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात विणलेल्या दुधी साटिनचा पोशाख घातला आणि त्यावर डेव्हन परगण्यातील हाताने विणलेली हॉनिटन लेस लावली. यंत्राच्या लेसमुळे अडचणीत आलेल्या त्या विणकर स्त्रियांना काम मिळावे हाही त्यामागचा हेतू होता. तिच्या त्या पोशाखाची चित्रे सर्वत्र पसरली आणि पांढरा रंग श्रीमंतांच्या लग्नाची खूण बनला, कारण एकदाच वापरून मळणारे कापड परवडणे हीच मुळात ऐपतीची गोष्ट होती. पावित्र्याचा अर्थ त्याला ठळकपणे चिकटला तो त्यानंतर. पुढे १९३७ मध्ये वॉलिस सिम्पसन या बाईंनी इंग्लंडच्या माजी राजाशी लग्न करताना निळा पोशाख घातला, आणि त्या छटेला तिचेच नाव पडले.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. गोव्याच्या कॅथलिक घरांत नवरीसाठी ‘सादो’ म्हणून लाल पोशाख शिवतात. शिंपी घरी येऊन त्याचे कापड बेततो तो एक छोटा सोहळाच असतो आणि पहिली कात्री लागताना फटाके वाजतात. केरळच्या सीरियन ख्रिस्ती लग्नात वर चर्चमध्येच नवरीच्या डोक्यावर ‘मंत्रकोडी’ नावाची रेशमी साडी पांघरतो. ती बहुधा लाल किंवा किरमिजी असते आणि स्वागतसमारंभात नवरी तीच नेसते. आपल्या पुण्याच्या आठवणीत तर रंगाचा अर्थ किती बदलता असतो याचा फार बोलका दाखला आहे. लाल शालू हे सुवासिनीचे वस्त्र, आणि याच शहराच्या पेठांमध्ये केशवपन केलेल्या विधवेला नेसावे लागणारे आलवणही तांबडेच. रंग जवळपास सारखा. फरक होता तो काठपदराचा, रेशमाचा आणि जरीचा. एका वस्त्राला मंगल आणि दुसऱ्याला अमंगल ठरवले ते रंगाने नव्हे.

तुमच्या आजी बायबल वाचणाऱ्या असतील, तर त्यांच्याशी बोलताना इतिहासापेक्षा स्तोत्रसंहितेतील ४५ वे स्तोत्र अधिक उपयोगी पडेल. ते लग्नाचेच स्तोत्र आहे, आणि त्यात राजाकडे नेली जाणारी वधू सोन्याच्या जरीची, वेलबुट्टीदार वस्त्रे ल्यालेली आहे. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीची वस्त्रेही तलम तागाची आणि जांभळी आहेत. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, वधूला शुभ्र तलम वस्त्र दिले आहे हे आजी नक्कीच सांगतील, आणि तेही खरेच आहे. परंतु ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्ये असे तेथेच स्पष्ट केलेले आहे. वाद जिंकण्यासाठी हे मांडू नका. आजींबरोबर बसून हे तिन्ही उतारे एकत्र वाचा. माझ्या अनुभवात ज्येष्ठ माणसांना पांढरा रंग हवा असतो त्यापेक्षा अधिक, नात चर्चमध्ये आदराने उभी आहे हे दिसायला हवे असते.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे प्रकाशाकडे येते, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात आणि त्यांतील एक मोठी चूक माझ्याही हातून झाली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नवरीने शॅम्पेन रंगाचे, म्हणजे आपण ज्याला बदामी म्हणतो तसे, साटिन पसंत केले. माझ्या कार्यशाळेतील ट्यूबलाइटखाली ते मोत्यासारखे चमकत होते. लग्नाच्या दिवशी चर्चमधील पिवळ्या दिव्यांखाली तेच कापड जुन्या कागदासारखे निस्तेज दिसले, आणि छायाचित्रकाराच्या फ्लॅशने त्याचा उरलासुरला रंगही पुसून टाकला, त्यामुळे अल्बममध्ये गाऊन जवळजवळ पांढराच आला. पांढरा टाळण्यासाठी त्या मुलीने घरी दोन महिने वाद घातला होता. तिने मला दोष दिला नाही, पण कापड मी फक्त माझ्या दिव्याखाली दाखवले होते, आणि ते मला आजही बोचते. तेव्हापासून कापडाचा तुकडा चर्चमध्ये नेऊन पाहिल्याशिवाय मी कात्री लावत नाही.

तुम्हीही हेच करावे. चार इंचांच्या नमुन्यावर समाधान मानू नका, कारण लहान तुकड्यातील रंग आणि अंगभर पसरलेला रंग डोळ्यांना एकसारखे दिसत नाहीत. निवडलेल्या प्रत्येक रंगाचे किमान अर्धा मीटर कापड विकत घ्या, रविवारची उपासना संपल्यावर पाळकांच्या परवानगीने वेदीपाशी उभ्या राहा, कापड खांद्यावरून छातीवर सोडा आणि मैत्रिणीला सर्वांत मागच्या बाकावरून साध्या फोनने, एकदा फ्लॅशसह व एकदा फ्लॅशविना, छायाचित्रे काढायला सांगा. लग्न ज्या वेळी आहे त्याच वेळी हे करा. पुण्यातील जुन्या दगडी चर्चच्या खिडक्या उंच आणि अरुंद आहेत, त्यामुळे सकाळी दहालाही आत प्रकाश बेताचाच असतो. अशा मंद उजेडात लाल कुळातील गडद रंग आणखी गडद होतात; किरमिजी आणि आमसुली तर लांबून काळपट दिसू लागतात, आणि निळ्या-हिरव्या कुळातील रंग मात्र तुलनेने उजळ राहतात. संध्याकाळी लॉनवर हाच परिणाम पुन्हा होतो, शिवाय तेथे सजावटीचे रंगीत दिवे असतील तर कोणत्याच रंगाची खात्री देता येत नाही. मंडपवाल्याला व्यासपीठापुरते तरी साधे उबदार पांढरे दिवे लावायला सांगा.

वर्णाबद्दल तुम्ही काहीशा संकोचाने लिहिले आहे, त्याचे मला वाईट वाटले. सावळ्या वर्णाला फिके रंग शोभत नाहीत, हे दुकानादुकानांतून ऐकू येणारे वाक्य खरे नाही. सावळ्या वर्णावर न खुलणारा पांढरा असतो तो नीळ घातल्यासारखा निळसर पांढरा. कारखान्यात कापडाला चकाकी आणणारी रसायने वापरलेली असतात, त्यामुळे तो अधिकच थंड दिसतो. मोतिया किंवा दुधी मात्र फार सुंदर दिसतो. दुसरी अडचण त्वचेच्या अगदी जवळ जाणाऱ्या रंगांची. बदामी, तांबूस, फिका तपकिरी हे रंग गळ्याशी आले की कापड कोठे संपते आणि त्वचा कोठे सुरू होते तेच कळत नाही आणि चेहरा थकलेला भासतो. म्हणूनच तुमच्या तीन रंगांपैकी शॅम्पेन मी सर्वांत आधी बाजूला ठेवीन. फिका गुलाबी घ्यायचा असेल तर निळसर झाक असलेला नको. अबोलीकडे झुकणारा घ्या. रंगांची ही आपली नावे, अबोली, श्रीखंडी, डाळिंबी, वांगी, शेवाळी, दुकानात आवर्जून वापरा. ‘पीच’ म्हटले की दुकानदार दहा वेगवेगळी थाने काढतो, आणि ‘अबोली’ म्हटले की नेमकी दोन.

कापडाविषयी माझे मत ठाम आहे: रंगीत गाऊनसाठी फार चकाकणारे साटिन टाळावे. पांढऱ्या साटिनवर प्रकाश पडला तर उठाव येतो; रंगीत साटिनवर मात्र प्रत्येक चुणी पांढरट रेघ होऊन चमकते आणि रंग तुटक दिसतो. रॉ सिल्क आणि डुपियन या रेशमी कापडांची गाठाळ पोत रंगाला खोली देते, त्यांना स्वतःचा ताठपणा असल्यामुळे आत कमी थर लागतात आणि जानेवारीच्या सकाळच्या थंडीत ती उबदारही वाटतात. क्रेप अंगासरशी पडते आणि लांबून शांत दिसते, पण आतील शिवण जराही चुकली तर लपत नाही. ऑर्गंझा आणि नेट यांच्या बाबतीत अस्तर हाच खरा रंग असतो; डाळिंबी नेटखाली केशरी अस्तर घातले तर निखाऱ्यासारखी ऊब येते, तर पांढरे अस्तर घातले की तोच नेट गुलाबी आणि उथळ होतो. धूपछाव रेशीम निवडलेत, ज्यात ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, तर शिंप्याला सर्व कळ्या, म्हणजे घेराचे तिरके तुकडे, एकाच दिशेने बेतायला सांगा, नाहीतर एकाच घेरात दोन रंगांचे पट्टे दिसतील. त्यासाठी कापड थोडे जास्त लागते, ते आधीच धरावे.

कापड एकाच थानातून एकाच वेळी घ्यावे. रविवार पेठेतील कापडगंजात आज घेतलेला रंग महिन्याने पुन्हा मिळेल, पण रंगाईची खेप बदललेली असेल, आणि हा फरक उन्हात उभे राहिल्यावर लगेच उघड होतो. पांढरे कापड आणि पांढरी लेस घेऊन रंगाऱ्याकडून हव्या त्या छटेत रंगवून घेण्याचा मार्ग अनेकींना सोपा वाटतो. तो रेशमापुरता खरा आहे. रेशीम आणि नायलॉन साध्या उकळत्या रंगात रंग घेतात, पण पॉलिएस्टरला वेगळ्या प्रकारचा रंग आणि दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सियस तापमान लागते, जे पेठेतील रंगाऱ्याच्या पातेल्यात होत नाही. बाजारातील बरीचशी लेस नायलॉन आणि पॉलिएस्टर या दोन्ही धाग्यांची मिश्र असते, म्हणून ती रंगवली की जाळी रंगते आणि फुले पांढरी राहतात. लेसचा लहान तुकडा आधी रंगवून पाहिल्याशिवाय पूर्ण लेस देऊ नका. त्याचप्रमाणे गडद लाल, हिरवे व निळे कापड बेतण्यापूर्वी ओला पांढरा सुती रुमाल त्यावर जोराने घासून पाहा. रुमालाला रंग लागला, तर तो काखेतील घामाने अस्तरालाही लागेल आणि तुमचा हात धरणाऱ्या वराच्या फिक्या सुटालाही.

पैठणीबद्दल मी थोडे अधिक लिहिते, कारण ती एकदा कापली की परत जोडता येत नाही. पहिला प्रश्न शिवणाचा नाही. आईला ती कापायला मनापासून चालणार आहे का, हा आहे. ‘तुझ्या लग्नासाठी चालेल’ असे म्हणताना आईचा हात पदरावरून फिरत असेल तर उत्तर तुम्हाला कळले आहे. दुसरा प्रश्न रेशमाच्या वयाचा. साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली असेल, तर घडीच्या रेषेवर रेशीम तडकते. ती रेषा उजेडासमोर धरून हलक्या हाताने ताणून पाहा. धागे विरळ दिसले किंवा बारीक तडतड ऐकू आली, तर गाऊनचा ताण त्या कापडाला सोसणार नाही.

या दोन्ही परीक्षांत पैठणी उतरली, तर तिसरी गोष्ट भूमितीची आहे. पैठणीचा काठ सरळ विणलेला असतो आणि छत्रीसारख्या घेराच्या खालच्या कडेला वळण असते. सरळ काठ वळणावर बसत नाही, ओढून बसवला तर त्याला सुरकुत्या पडतात. म्हणून पैठणीचा गाऊन कळीदार किंवा छत्रीच्या घेराचा न करता चुण्यांचा करावा लागतो, ज्यात साडीची लांबी कमरेभोवती फिरते आणि तिचा पन्हा, म्हणजे रुंदी, हीच घेराची उंची होते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, आणि पाच फूट तीन इंच उंचीच्या मुलीला टाचेच्या सँडलसह कमरेपासून जमिनीपर्यंत सुमारे ४२ इंच लागतात, म्हणजे वरचा काठ काढून बाह्यांना किंवा गळ्याला लावता येतो आणि खालचा काठ अखंड राहतो. साडेपाच मीटर लांबी पूर्णच्या पूर्ण कमरेत चुणली तर पोटाशी जाड वळी होते. साडेतीन ते चार मीटर पुरेसे असते. उरलेल्यातून पदर मात्र कापू नये. तो मागे खांद्यापासून सोडावा, म्हणजे मोर आणि कमळे उलटी होत नाहीत आणि पैठणीची ओळखही टिकते.

हे सारे शक्य असले तरी तुमच्या जागी मी ती पैठणी कापणार नाही. सकाळी चर्चसाठी डाळिंबी रंगाचा रॉ सिल्कचा, पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी बंद असा गाऊन घ्यावा आणि संध्याकाळी आईची पैठणी साडी म्हणून नेसावी, असे मला वाटते. तुम्ही लिहिलेल्या गडद लालपेक्षा डाळिंबी एक पायरी उजळ असतो, त्यामुळे चर्चच्या मंद प्रकाशात तो काळवंडत नाही आणि सावळ्या वर्णावर त्याची ऊब चेहऱ्यावर चढते. लॉनवर मोरपंखी रंग आपोआप उठून दिसेल. सकाळीही गाऊनऐवजी रंगीत साडीच नेसावी असे मनात आले तर तेही उत्तमच. आपल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती नवऱ्या साडीवर वेल, म्हणजे डोक्यावरून सोडलेले तलम जाळीचे वस्त्र, घेऊन वेदीपुढे उभ्या राहिलेल्या आहेत.

वेलच्या बाबतीत आजींची इच्छा सहज पूर्ण करता येते. डाळिंबी गाऊनवर मोतिया वेल अतिशय शोभतो. मात्र निळसर पांढरा घेऊ नका, कारण उबदार रंगाशेजारी तो धुतलेल्या मच्छरदाणीसारखा दिसतो. वेलची कड आजींच्या एखाद्या जुन्या लेसची करता आली, तर त्यांना पांढऱ्याचा हक्काचा वाटा मिळेल. करवल्यांनाही मोतिया किंवा श्रीखंडी रंग द्यावा. सर्वांना नवरीच्याच छटेत बसवले तर छायाचित्रात तुम्ही वेगळ्या दिसणार नाही.

वेळेबद्दल थोडे. जानेवारीच्या लग्नासाठी कापड सप्टेंबरमध्ये हातात असावे, कारण दिवाळीच्या आधीचा महिनाभर पुण्यातील कोणत्याही चांगल्या शिंप्याला आणि जरदोसी कारागिराला श्वास घ्यायला फुरसत नसते. पहिला नमुना मांजरपाटात शिवून घ्या, त्यात बसून, वाकून, गुडघे टेकून पाहा, कारण आशीर्वादाच्या वेळी तुम्हाला गुडघ्यांवर यायचे आहे आणि बहुतेक गाऊन तेथेच कमरेत आवळतात. त्यानंतर खऱ्या कापडावर दोन वेळा अंगावर घालून पाहणे पुरेसे होते. शेवटच्या वेळी लग्नात घालायची सँडल आणि आतले कपडे बरोबर आणावेत. रंगीत गाऊनखाली पांढरे अंतर्वस्त्र रॉ सिल्कमधून दिसत नाही, पण क्रेप आणि जॉर्जेटमधून हमखास दिसते, तेथे त्वचेच्या रंगाचेच घ्यावे. आणि कापड बेतायला देण्यापूर्वी अर्ध्या मीटरचा तो तुकडा आजींच्या खांद्यावरही एकदा टाकून पाहा, त्यांना आरशासमोर उभे करा आणि त्या काय म्हणतात ते ऐका.